नऊ गोळ्यांचा सिनेमा

दादाला कळतं की नाही, एवढाच प्रश्न होता. कळत असेल तर पुढे कुठे राहायचं ते दादालाच विचारायचं. कळत नसेल तर त्याची मुलगी सही करणार आणि सोमवारी दादा शुश्रूषा केंद्रात जाणार. तिथली खाट सोमवारपर्यंतच राखून ठेवलेली होती. आज गुरुवार होता, दुपारचे दोन वाजून गेले होते, आणि वाचा-तपासणीच्या बाईंनी चारपर्यंतचा वेळ दिला होता.

धाकट्या भावाने टीव्हीत पेन ड्राइव्ह खोचला. हा माणूस लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. अंधाऱ्या विहिरीत लोंबकळत तारा तपासताना ज्याला कधी घाम फुटला नाही, त्याला एका रिमोटचं बटण सापडत नव्हतं.

त्यांच्या सिनेमांची गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. दादा तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होता. गणवेशांचे शर्ट त्याच्या टेबलावर यायचे, तो ते उलटेपालटे करून बघायचा आणि जितक्या चुका तितक्या खडूच्या रेघा ओढायचा. ज्या शर्टावर एकही रेघ नाही तो पास. सुट्टीच्या दिवशी दोघे भाऊ जुने घोड्यांचे सिनेमे बघत. तेच ते वाळवंट, तेच लाकडी गाव, टोपी डोळ्यांवर ओढलेला एकटा नायक आणि त्याचं सहा गोळ्यांचं पिस्तूल. सिनेमा संपून शेवटची पाटी आली की दादा हात वर करायचा आणि जितक्या चुका दिसल्या तितकी बोटं उघडायचा. पाटी येण्याआधी एकही बोट हलवायचं नाही, कारण अर्धवट शिवलेल्या शर्टावर कोणी रेघ ओढत नाही. आणि मिटलेली मूठ म्हणजे सिनेमात काढायला चूकच नाही. असली मूठ तीस वर्षांत जेमतेम डझनभर सिनेमांच्या वाट्याला आली. दादाच्या तावडीतून नायकाच्या शर्टाची बटणंही सुटत नसत, मग बाकीच्यांची काय कथा.

सहा आठवड्यांपूर्वी दादाला झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. मान हलायची, पण ती कशालाही हलायची. डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही या रुग्णालयाचे मालक का, तर दादाने तिथेही होकार दिला. डावा हात तेवढा शिल्लक, आणि तो मांडीवर मूठ मिटून पडलेला.

घरी आणल्यावर धाकट्याने काय केलं, तर ते डझनभर सिनेमे एकेक करून लावले. भावाला आवडलेलंच दाखवावं, एवढा साधा हिशेब. प्रत्येक सिनेमा संपला की तो दादाच्या हाताकडे बघायचा, आणि प्रत्येक वेळी मूठ! धाकट्याचा आनंद गगनात मावेना. दादाला सगळं कळतं, अजून तो आपल्या पद्धतीने मत देतो, असं त्याने कारखान्यातल्या जुन्या लोकांपासून खालच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांना सांगितलं.

मंगळवारी बाई पहिल्यांदा आल्या. किल्लीचं चित्र दाखवलं, कंगव्याचं दाखवलं, दादा ढिम्म. तेव्हा धाकट्याने अगदी रंगवून मुठीची हकिकत सांगितली. बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, मध्ये तोडलं नाही. मग विचारलं, "पण ही मूठ उघडलेली तुम्ही कधी पाहिलीत का?"

त्याने इतके दिवस चांगलेच सिनेमे लावले, तर बोट उघडणार कशाला? आणि मूठ काय, ती जेवतानाही मिटलेली, झोपेतही मिटलेली. चालू लिफ्टच तेवढ्या तपासून सगळं ठीक आहे असं लिहून देणाऱ्या मेकॅनिकला त्याने स्वतः कामावरून घालवलं असतं. त्याला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली. बाईंनी गुरुवारची दुपार दिली, हेच नशीब.

म्हणून आज तो सिनेमा. दोघांनी पाहिलेला सर्वांत भिकार. नायक सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून न थांबता नऊ गोळ्या झाडतो. मेलेल्या दरोडेखोराची पापणी लवते. तीन दिवस वाळवंट तुडवूनही टोपीवर धुळीचा कण नाही, आणि पाठलागात घोडे त्याच एका खडकावरून तीनदा जातात. पूर्वी हा बघितला तेव्हा दादाने दोन्ही हातांची बोटं उघडली होती आणि वर पायाचा अंगठा दाखवला होता.

पडद्यावर धूळ उडाली. बाई दादाच्या डाव्या बाजूला वही घेऊन बसल्या. पुतणी खिडकीपाशी, मांडीवर अर्जाची फाइल. ती काही वाईट मुलगी नव्हती. दुसऱ्या गावची नोकरी, दोनदा वाढवलेली रजा, आणि डोळ्यांसमोर काका: कामावर जाणं सोडलेला, कमरेला पट्टा बांधून बापाला उचलणारा, खाटेशेजारी जमिनीवर झोपणारा. हे असं किती दिवस चालणार, काका तुम्ही मोडून पडाल, असं ती याच खोलीत, दादाच्या उशाशी उभी राहून कितीदा तरी बोलली होती. त्याला कळत नाही असं धरूनच बोलली होती.

नऊ गोळ्या सुटल्या. धाकटा पडद्याकडे बघतच नव्हता, तो मुठीकडे बघत होता. मूठ तशीच. खडक एकदा आला, दोनदा आला, तिसऱ्यांदा आला. दादाचे डोळे पडद्यावर होते, पण डोळे तर भिंतीवरही असतात. मेलेल्याची पापणी लवली तेव्हा दादाच्या तोंडातून कसलासा आवाज आला. पुतणीने चटकन मान वर केली. बाईंनी वहीत काहीच लिहिलं नाही. तो खोकला असेल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

साडेतीन झाले. पुतणीने हळूच विचारलं की आता थांबवायचं का, सगळं दिसतंच आहे. धाकट्याने पडद्याकडे बोट दाखवलं. अजून पाटी आलेली नव्हती.

पाटी आली तेव्हा चारला दहा कमी होते. संगीत थांबलं, पडदा काळा झाला. मूठ मांडीवर पडून होती. धाकट्याला वाटलं, विचारावं, "दादा, किती?" पण बाईंनी बजावलं होतं, सुचवायचं नाही, हात लावायचा नाही. त्याने स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून धरले. एक मिनिट गेलं. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

मूठ हलली. आधी वाटलं नुसताच कंप आहे. मग तर्जनी सुटी झाली, अर्धवट वाकलेली, पण सुटी. तिच्यामागून मधलं बोट. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकमेकांना धरूनच उघडली. अंगठा तळव्याला चिकटून बसला होता. दादाच्या कपाळावर घाम आला, जबडा आवळला गेला, आणि अंगठाही निघाला. पाच. होती तेवढी सगळी.

पुतणी तोंडावर हात धरून रडू लागली. धाकटाही रडत होता, पण त्याला त्याचा पत्ता नव्हता. बाई मात्र उठल्या नाहीत. त्यांनी दादाच्या डोळ्यांत बघत विचारलं, "आणि गेल्या रविवारी पाहिलेला?" तो त्या डझनातलाच होता. पाची बोटं हळूहळू आत गेली आणि मूठ मिटली.

"यांना कळतं," बाई म्हणाल्या. "पूर्ण कळतं. तसं मी लिहिते."

धाकट्याने जिंकलं होतं. खाट, अर्ज, सोमवार, सगळं आता हवेत उडालं, असं त्याला वाटलं. तोच अधीर होऊन म्हणाला, मग विचारा ना त्याला, कुठे राहायचं ते. आमच्याच पद्धतीने विचारा. उत्तर काय येणार याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि सावकाश विचारलं. "इथे घरी राहायचं. यात किती चुका?"

बोटं उघडू लागली. एक, दोन. धाकटा अजून हसतच होता. तीन, चार. अंगठ्याला पुन्हा वेळ लागला, पण दादाने तो ओढून काढला. पाच.

"आणि केंद्रात राहायचं, त्यात?"

मूठ.

धाकटा म्हणाला, त्याचा घोळ झाला असेल, तो दमलाय. बाईंनाही तशी शंका आली असावी, कारण त्यांनी पाच मिनिटं जाऊ दिली आणि प्रश्न उलट क्रमाने विचारले. आधी केंद्र, मग घर. मूठ. पाच बोटं. या वेळी बोटं जरा लवकरच उघडली. दादा बाईंकडे बघत नव्हता. तो भावाच्या कमरेच्या पट्ट्याकडे बघत होता.

तेव्हा धाकट्याच्या लक्षात आलं की दादाने या सहा आठवड्यांतला शब्द न् शब्द ऐकला आहे. आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली, जी त्या खोलीत फक्त त्यालाच कळू शकत होती. न पाहिलेल्या सिनेमाबद्दल दादाने जन्मात कधी मत दिलं नव्हतं. लोक म्हणायचे फार चांगला आहे, तरी तो हात खिशातून काढायचा नाही. केंद्राचं दारही त्याने बघितलेलं नव्हतं, आणि त्याला मूठ. दादा चक्क खोटं बोलत होता. सहा आठवड्यांनी वाचा आल्यावर सर्वांत आधी तो खोटं बोलला, आणि ते भावासाठी बोलला.

हे सांगितलं असतं तर बाईंनी ऐकलं असतं. त्या ऐकून घेणाऱ्या होत्या. तोंड उघडलंही त्याने. पण म्हणायचं काय? याचं ऐकू नका, याच्या मनात वेगळं आहे, ते मी सांगतो? दादाचं म्हणणं दादाकडूनच घ्या, म्हणून तर तो दोन दिवस भांडला होता.

"काका?" पुतणी म्हणाली. तिने अजून फाइल उघडली नव्हती.

त्याने दादाचा हात हातात घेतला. उघडलेली बोटं गार पडली होती, आणि ती पुन्हा मिटायला बघत होती.

"त्याने सांगितलंय ना," तो म्हणाला. "लिहा तसं."