गोठ्यावरचा फ्लेक्स

नात परदेशातून डॉक्टरकी शिकून आली तेव्हा माझ्या मुलानं घराच्या पुढच्या भिंतीवर भलामोठा फ्लेक्स लावला. पांढरा कोट घातलेली ती, आणि खाली शुभेच्छुक म्हणून आम्ही सगळे, अंगठ्याएवढ्या तोंडांचे. आमच्या म्हातारीला वाचता येत नव्हतं. पण फुलं तोडायला निघाली की ती पदरानं फ्लेक्सवरच्या नातीचं तोंड पुसायची. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांची राख वाऱ्यावर आमच्याकडं येतेच, त्यामुळं हे काम रोजचंच.

"अगं, खरी घरात झोपलीय. तिचं तोंड पूस," मी म्हणायचो.

"ती तिचं पुसंल. हिला कुठं हात हायेत?"

खरं म्हणजे नात अजून डॉक्टर नव्हती. बाहेरच्या देशात शिकलेल्यांना इथं एक मोठी परीक्षा द्यावी लागते. ती पास होईपर्यंत कुणाला गोळी लिहून द्यायची नाही, सुई टोचायची नाही. हे घरात ठाऊक होतं, पण गावाला कोण सांगणार? गावानं फ्लेक्स वाचला आणि रिपोर्ट घेऊन ओट्यावर यायला लागलं. कुणाचं बीपी, कुणाचा मुतखडा. पोरगी एकदा नापास झाली, परत बसली, परत नापास झाली. भिंतीवरची आपली हसतच होती.

मग म्हातारी गेली. चहा टाकता टाकता छातीला हात लावून खालीच बसली. नातीनं तिला आडवी केली आणि छाती दाबायला लागली. गाडी येईपर्यंत दाबत राहिली. तिच्या नाकावरचा घाम म्हातारीच्या अंगावर टपकत होता. गाडी आली, पण उपयोग नव्हता.

दहाव्याला गोदावरीवर पिंड मांडून आम्ही कावळ्याची वाट बघत होतो. रिकामी बसलेली माणसं काहीतरी बोलणारच. मागून एक बाई म्हणाली, "घरात डॉक्टर असून म्हातारी हातची गेली बघा." नात माझ्या शेजारीच उभी होती. मी वळून त्या बाईला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण बोललेलं परत तोंडात जात नाही. तिचंही नाही, माझंही नाही.

तिथून पोरीचं सुरू झालं. पुस्तक उघडलं की धाप लागायची. हाताला मुंग्या, ओठ पांढरे. "आबा, मी मरतेय." पहिल्यांदा मला वाटलं, हीपण चालली. छातीवरचा हात तसाच, खाली बसणं तसंच.

शेजारची मावशी मीठ-मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या घेऊन धावत आली. आमच्याकडं दृष्ट काढून मिरच्या विस्तवात टाकतात. ठसका आला नाही तर दृष्ट लागली होती, असं धरायचं. आता जी पोरगी श्वासासाठी तडफडतेय तिच्या नाकाशी ती मिरच्यांची धुरी! खोकून खोकून तिचे डोळे बाहेर यायचे राहिले.

मावशी म्हणाली, "ठसका लागला म्हंजी दृष्ट नाय."

"मग काय हाय?"

"ते डॉक्टरला इचारा की. घरातच तर हाय."

नाशिक रोडला नेऊन दाखवलं. काळीज ठणठणीत निघालं. तिथले डॉक्टर म्हणाले, भीती आहे ही, परीक्षा जवळ आली की अशी पुष्कळ पोरं येतात आमच्याकडं. पोरीनं मान हलवली. तिला ते आधीच ठाऊक होतं. ठाऊक असून काय होतंय?

पुढची परीक्षा आली. एक दिवस आम्ही दोघं शेवंतीच्या जुड्या बांधत होतो. ती म्हणाली, "आबा, मी बसत नाही या वेळी."

"बरं."

"का, ते नाही विचारणार?"

"सांगायचं तर सांग."

"पास झाले तर म्हणतील, आता काय उपयोग. नापास झाले तर म्हणतील, म्हणूनच आजी गेली. आणि ती भिंतीवरची बया रोज माझ्याकडं बघून दात काढते. तिचं सगळं झालंय ना शिकून."

मी उठलो आणि विळ्यानं फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. आमच्याकडं फ्लेक्स वाया जात नाही. निवडणूक झाली की पुढारी कांद्याच्या चाळीवर नाहीतर गोठ्यावर झोपतात. पण रंग शाबूत असताना स्वतःच्या लेकराचा फ्लेक्स कुणी उतरवत नाही. उतरवला म्हणजे आमचं फसलं, हे गावाला ओरडून सांगितल्यासारखंच. पदरानं पुसून पुसून नातीच्या तोंडापाशी रंग पुसट झाला होता. तिथं माझा हात थांबला. मग छापील बाजू खाली करून मी तो गोठ्यावर पसरला, वर विटा ठेवल्या.

मुलगा ड्युटीवरून आला तो तणतणतच. "आबा, गावात इज्जत घालवली तुम्ही!"

"गळत होतं."

"काय गळत होतं?"

"गोठा."

बरेच दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पण पुढच्या वेळी कुणीतरी शुगरचा रिपोर्ट घेऊन आलं, तेव्हा नात स्वतः ओट्यावर गेली. "काका, मी अजून डॉक्टर नाही. दवाखान्यात दाखवा."

"मग तो फ्लेक्स?"

"आबांनी गाईला दिला."

त्या वेळी ती बसली नाही. त्याच्या पुढच्या परीक्षेला मात्र तिनं मलाच सोबत नेलं. फाटकापाशी तिच्यासारखीच पोरं होती. एक दांडगा पोरगा गटाराकडं तोंड करून ओकत होता, त्याची आई पाठ चोळत होती. आत कानातलं चालत नाही म्हणून नातीनं म्हातारीच्या कुड्या काढून माझ्या हातावर ठेवल्या आणि तिथंच फुटपाथवर बसली. धाप सुरू झाली. मला ना मंतर येतो ना औषध. गुडघे नको म्हणत होते, तरी शेजारी बसलो.

धाप जरा बसली तशी म्हणाली, "आबा, आजीला वाचवता आलं असतं का?"

"मला काय कळतं? तू दाबत होतीस. मी नुसता उभा होतो."

"तेपण विचारतात पेपरात. छाती कशी दाबायची."

"मग तेवढं तरी येतंय तुला."

ती नाकातून हसली की रडली, मला कळलं नाही. उठली, ओढणी झटकली आणि आत गेली.

फाटक लागलं. मी कुड्या मुठीत धरून तिथंच बसून राहिलो. उठायचा कंटाळा आला होता. पाठ चोळणारी बाई जवळ येऊन बसली.

"तुमची कोण हो?"

"नात."

"डॉक्टर?"

"नाय अजून," मी म्हटलं. "आत गेलीय."