खालच्या मिरच्या

"वरनं खावाले, खालनं पेरावाले," असं पुटपुटत चाचा मिरचीच्या झाडापुढे उकिडवा बसायचा. जमिनीलगतच्या पहिल्या मिरचीच्या देठाला लाल दोरा बांधायचा. आपण तान्ह्याच्या मनगटाला बांधतो ना, तितक्या हलक्या हातानं.

इंग्रजांच्या राज्यात मी नंदुरबारला शाळामास्तर होतो. माझ्या खोलीमागेच या चाचा बागवानाचा मळा. त्याची बायको कधीच वारलेली. या मिरचीचं बी तिनं माहेरून पदराला बांधून आणलं होतं. तेव्हापासून दुसऱ्या मिरचीचं बी त्यानं मातीला लावलं नव्हतं. एकदा मी हौसेनं एक मिरची चावली आणि डोळे पुसत शाळेत गेलो. चाचा पोट धरून हसला. "मास्तर, हाई मन्ही बायको शे. सांभाळीसन बोला!"

पण शिकलेल्या माणसाला एक खोड असते. ते दोरे मला दृष्टीचे वाटायचे. मी पोरांना भुताखेतांवर व्याख्यानं झोडणार आणि मागच्या दारी हे गंडेदोरे! चाचाचं ते पालुपद रोज कानावर पडत होतं, पण म्हाताऱ्याची बडबड म्हणून मी सोडून देत होतो. एकदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

त्या हिवाळ्यात तो तापानं अंथरुणाला खिळला. खालच्या मिरच्या लालभडक पिकल्या होत्या. त्याचं नुकसान नको म्हणून मी दोन बाया लावून तोडणी केली, दोरे कात्रीनं कापले आणि माल वाळवून बाजारात पाठवला. मला माझंच कौतुक वाटत होतं.

ताप उतरल्यावर चाचा काठी टेकत मळ्यात आला.

"खालन्या कोठे शेतस, मास्तर?"

"बाजारात गेल्या, चाचा."

तो झाडापुढे उकिडवा बसला. बुडातल्या पहिल्या फळात झाडाचा सगळा जोर असतो, शेंड्याच्या उशिराच्या फळाचं बी पोचट निघतं, हे त्यानं मला तेव्हा सांगितलं. मागच्या वर्षीचं बी तो ठेवत नसे. "जुनं बी झोपी जास."

पुढच्या हंगामात त्यानं शेंड्याचंच बी पेरलं. वाफ्यात कुठे कुठे कोंब आले, पिवळे, सुतासारखे. शेजाऱ्यांनी आपलं बी देऊ केलं, त्यानं घेतलं नाही. जगलेल्या झाडांची खालची फुलं गळून गेली. तरी तो मनगटाला दोरे गुंडाळून प्रत्येक झाडापुढे बसायचा, पानं वर करून बघायचा.

"खाले काहीच नही शे, मास्तर."

मला एक शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं. त्यानं दिली नाही. झाडं वाळली आणि थोड्याच दिवसांत तोही गेला.

शेवटची आंघोळ घालायला शेजारी जमले. त्याच्या मनगटावर लाल दोऱ्यांचा गुंता तसाच होता, सुटता सुटत नव्हता.

"कसाना तरी गंडा दिखस," एक जण म्हणाला. "मास्तर, तुमना घर कात्री शे का?"

होती. मी आणून दिली.