पालीच्या डोक्याची रुंदी

पाल नर आहे की मादी, हे मी मोजून सांगू शकतो. वसमतच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, एवढं तर यायलाच पाहिजे! (घरातल्यांचाही तसाच समज होता. होता!)

त्या रविवारी सकाळी स्वयंपाकघरात ट्यूबलाइटमागे दोन पाली निघाल्या. बायकोनं, म्हणजे सुनंदानं, झाडू उचलला.

"जोडा हाय! अंडी घालून घर भरवून टाकतील."

"मारू नको! दोन्ही नर असतील तर काहून मारायच्या? थांब, मोजतो."

डोंगरकडा गावाहून आलेल्या सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. "मोजून? कापड हाय का ते, जावईबापू?"

"नराचं डोकं रुंद असतं, आई. शेपटीचं बूड फुगीर. शास्त्र आहे हे!"

स्टुलावर चढून पहिली पाल बरणीत पकडली. कॉलेजातून आणलेल्या व्हर्निअरनं मापं घेतली. "डोकं बारा मिलिमीटर! लिही!" सुनंदानं कॅलेंडरवर लिहिलं. पाल मी खिडकीतून बाहेर सोडली.

अर्ध्या तासानं दुसरी पकडली. ही भलतीच चिडकी! हातात घेताच तिनं शेपूट टाकलं, आणि ते वळवळत थेट सासूबाईंच्या शेंगांत!

"अगं माय!" सूप उडालं, शेंगा घरभर. त्यात मी हात सैल न सोडता मोजतच राहिलो. डोकं? बरोब्बर बारा!

"माप एक, जात एक!" पाल बरणीत टाकत मी स्टुलावरूनच जाहीर केलं. "दोन्ही नर! सख्खे भाऊ म्हण!"

सासूबाईंनी माझ्या हातून बरणी घेतली, खिडकीच्या उजेडात धरली आणि खालून पाहिलं.

"जावईबापू, तुमच्या ह्या भावाच्या पोटात दोन अंडी दिसून राहिलीत."

खरंच! पातळ कातडीतून दोन पांढरे गोळे स्वच्छ दिसत होते.

"आन् नर वर बसून राहिला, पाहा," सुनंदा म्हणाली. ट्यूबलाइटमागून चांगलं थोराड डोकं आमच्याकडे पाहत होतं.

म्हणजे सोडलेली पाल झरोक्यातून परत आली होती, आणि मी तिलाच पुन्हा पकडलं होतं! एकाच गर्भार बाईला मी दोनदा पुरुष ठरवलं होतं. शेजारी ठेवून बघायला दुसरं डोकं नव्हतं, तेव्हा बारा मिलिमीटर मला रुंदच वाटले!

सासूबाईंनी बरणी नेऊन मागच्या पेरूच्या झाडावर अलगद रिकामी केली. "जा बाई. माणसं लई तकलीफ देतात."

सोमवारी वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, पालीत नर-मादी नक्की कसं ओळखायचं?"

मी खडू खाली ठेवला आणि पूर्ण आत्मविश्वासानं सांगितलं, "सोपं आहे. सासूबाईंना विचारायचं!"