कायताईचा उलटा हेडफोन

पडदे शिवायच्या कारखान्यात तिला सगळे कायताई म्हणत. कुणी हाक मारली की ती आधी "काय?" म्हणायची, मग मान वळवून डावा कान पुढे करायची आणि तेव्हा कुठे बोलणं सुरू व्हायचं. लहानपणी गालगुंड झाले, ताप चढला आणि तो उतरला तेव्हा उजवा कान गेलेला होता. त्याचं तिने कधी फार मनाला लावून घेतलं नाही. कुठेही गेली की ती उजवीकडची कोपऱ्यातली खुर्ची धरायची, म्हणजे सगळी माणसं आपोआप डावीकडे यायची. नवरा घोरतो म्हणून कारखान्यातल्या इतर बायका रडगाणं गात, तेव्हा ती म्हणायची, "मी डाव्या कुशीवर वळते, प्रश्न मिटला."

पडद्याच्या लांबलचक शिवणी मारताना ती गाणी ऐकायची. फोन खिशात, इअरफोनचं एक बोंडूक डाव्या कानात आणि दुसरं छातीवर लोंबकळत. उजव्या बोंडकाचं तिला काय काम? ते तिने कधी कानाला लावलंच नव्हतं.

एके दिवशी अस्तर कापता कापता कात्री इअरफोनच्या वायरवर चालली. डावं बोंडूक मुकं झालं. ती स्वतःवरच चरफडली आणि मग, आहे ते तरी वापरू म्हणून उजवं बोंडूक उचलून डाव्या कानात घातलं.

तेव्हा लागलं होतं तिचं सगळ्यात आवडतं गाणं. नणंदेने कुठल्याशा जुन्या रेकॉर्डवरून फोनमध्ये भरून दिलेलं. त्यात एक बाई विचारते, "कुठे होतास इतका वेळ?" आणि मग नुसता ठेका वाजत राहतो. पुन्हा विचारते, "माझी आठवण आली का?" पुन्हा ठेका. शेवटपर्यंत कुणी उत्तर देत नाही. कायताईच्या मते इतकं दुःखी गाणं दुसरं झालं नसेल. मनात काही साठलं की ती तेच लावायची आणि पडद्याच्या कापडाआड डोळे पुसायची.

आज मात्र बाई गायबच होती. ठेका चालू होता, आणि मधेच एक पुरुष मिश्कीलपणे म्हणाला, "तुझ्याच मागे उभा होतो."

कायताईने मशीन थांबवलं. फोन काढून पाहिला. गाणं तेच होतं.

"आठवण कशी येणार? तू विसरू दिलंस तर ना!" पुरुष म्हणाला, आणि पाठोपाठ हसला.

संध्याकाळी ती घरी आली ती चपलाही न काढता नणंदेसमोर उभी राहिली. नणंद औषधांच्या दुकानात काउंटरला होती, भावाकडेच राहायची आणि घरातल्या फोन, टीव्ही, रिमोट या सगळ्याची डॉक्टर तीच होती.

"तो उत्तर देतो!" कायताई म्हणाली.

"कोण?"

"गाण्यातला. ती विचारते ना, त्याला तो उत्तर देतो. हसतो पण!"

नणंदेने गाणं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "वहिनी, अगं ते भांडणाचं गाणं आहे. लाडाचं भांडण. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये बाईला एका बाजूला टाकलंय, बाप्याला दुसऱ्या. डाव्या कानात ती, उजव्या कानात तो."

"म्हणजे इतकी वर्षं मी अर्धंच ऐकलं?"

"अर्धं असं नाही..." नणंद अडखळली. "बरं, अर्धंच."

तिला वाटलं, आता वहिनीचा चेहरा पडणार. पण कायताईचे डोळे चमकत होते. "मग बाकीच्या गाण्यांत काय काय लपलंय?" ती म्हणाली.

पुढचे काही दिवस तिने उजवं बोंडूक डाव्या कानात घालून सगळी गाणी नव्याने ऐकली. काहींत काहीच फरक नव्हता. काहींत अचानक बासरी निघाली. एका भजनात मागे कुणीतरी खोकलं, तर ते ऐकून तिला खजिना सापडल्याचा आनंद झाला. पण ते बोंडूक उजव्या कानाच्या बेताचं होतं, डाव्यात टोचायचं आणि सारखं निसटायचं. शिवाय कधी ही बाजू, कधी ती, हे एका बोंडकावर जमणारं नव्हतं.

"मला तो मोठा हवा," तिने जाहीर केलं. "कानावर वाटीसारखा बसतो तो. उलटा घातला की झालं, दुसरी बाजू हजर."

जादा पडदे शिवून तिने थोडे पैसे बाजूला टाकले होते. नवीन चप्पल की हेडफोन, हा प्रश्न तिने जुन्या चपलेला शिवून सोडवला.

सुट्टीच्या दिवशी नणंद-भावजय निघाल्या. पहिलं दुकान चकचकीत, आत गारवा, भिंतीवर हेडफोन टांगलेले. तिथल्या विक्रेतीने त्यांच्या ऐपतीतला एक पुढे केला. लाल, झगमगीत, डोक्यावर पट्टी. कायताईने तो घातला.

"मॅडम, उलटा घातलाय तुम्ही."

"माहितेय."

"नाही, म्हणजे हा 'एल' लिहिलाय ना, तो डाव्या कानावर."

"हो गं. मला डाव्या कानाने उजवं ऐकायचंय."

विक्रेतीने नणंदेकडे पाहिलं. नणंदेने खांदे उडवले.

तो हेडफोन नुसता ढुमढुम वाजत होता. पुरुषाचं हसणं त्या ढुमढुमीत बुडून गेलं. शिवाय वाट्या इतक्या लहान, की कान अर्धा आत, अर्धा बाहेर. चष्म्याची काडी कानामागे रुतायला लागली. कायताईने तो उतरवून ठेवला. मग विक्रेतीने महागातला काढला. "हा घ्या. बटण दाबलं की बाहेरच्या जगाचा आवाज बंद!"

"अर्धा बंदच आहे गं माझा," कायताई म्हणाली, "उरलेला राहू दे."

तरी तिने तो घालून पाहिला, आणि विक्रेतीने बटण दाबताच घाबरून ओरबाडून काढला. तिचा एकच कान. तो झाकला तशी दुकानातली माणसं नुसते ओठ हलवायला लागली. कुणी फट्कन दिवा घालवावा तसं तिला झालं.

आणखी दोन दुकानं झाली. एकात "डबा उघडून ऐकवता येणार नाही" म्हणाले. कायताई म्हणाली, "पडद्याचं कापड लोक बोटांत चोळून बघतात, मग घेतात. मी कानात न घालता घेऊ?" दुसऱ्यात ऐकवलं, पण दुकानदाराने सगळं स्वतःच्याच आवडीचं लावलं. नणंदेचे पाय दुखायला लागले. "वहिनी, एखादा घेऊन टाक ना गं," ती कुरकुरली.

"घेऊन टाकायला तो काय कोथिंबीर आहे?"

शेवटी त्या एका बोळातल्या स्पीकर-दुरुस्तीच्या दुकानात शिरल्या. दुकान म्हणजे एक टेबल, त्यावर सोल्डरिंगचा वास आणि टेबलामागे जाड भिंगांचे दुरुस्तीवाले. विकायलाही त्यांच्याकडे चार-पाच हेडफोन होते. कायताईची हकिगत त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकली आणि आधी सगळ्यांसारखीच चूक केली. बंद वाट्यांचा, घट्ट बसणारा एक काढून दिला. "आवाज बाहेर जात नाही, आत येत नाही."

"नको," कायताई दचकून म्हणाली. "मी एकाच दाराच्या घरात राहते. तेच लावून घेतलं तर कुणी आलेलं कसं कळणार?"

दुरुस्तीवाल्यांनी मान हलवली. मग वरच्या फळीवरून एक काळा, साधा, वायरवाला हेडफोन काढला. वाट्यांना बाहेरून जाळी होती. "हा उघड्या पाठीचा. बाहेरचंही ऐकू येतं. गोंगाटात बसून ऐकायचं असेल तर उपयोगाचा नाही, म्हणून कुणी घेत नाही. ब्लूटूथ नाही, लाइट नाही, म्हणून परवडतो. सगळा खर्च आवाजावर केलाय."

कायताईने तो घातला. उलटाच. वाटीत पुरा कान मावला, मखमली गादी गालाच्या हाडावर टेकली, चष्मा रुतला नाही. पुरुष हसला, आणि हसण्याआधी त्याने घेतलेला श्वासही तिला ऐकू आला. त्याच वेळी बाहेर बोळात सायकलची घंटा वाजली, तीही ऐकू आली.

"आणि हे बघा," दुरुस्तीवाले म्हणाले. "हेडफोन कुठे मरतो? वायर मुळाशी तुटते आणि गाद्या सोलतात. याची वायर घरच्या घरी उपसून नवीन लावता येते, गाद्याही बदलता येतात. म्हणजे तुम्ही माझ्याकडे परत येणार नाही. धंदा कसा करू नये ते माझ्याकडून शिकावं."

मग काहीतरी आठवून त्यांनी तिचा फोन मागितला. सेटिंगमध्ये बराच आत जाऊन एक बटण सरकवलं. "आता ऐका. दोन्ही बाजू एकत्र केल्यात."

बाईने विचारलं, "कुठे होतास इतका वेळ?" आणि त्याच कानात, तिच्या शब्दाला शब्द लागून, तो म्हणाला, "तुझ्याच मागे उभा होतो."

कायताई हसली. मोठ्याने, दुकानभर. गाणं संपेपर्यंत ती हसत होती. नणंदेने पाहिलं तर डोळ्यांत पाणीही होतं.

हेडफोन उतरवून तिने विचारलं, "दोन कानवाल्यांना असंच ऐकू येतं का हो?"

दुरुस्तीवाल्यांनी चष्मा काढून पुसला. "खोटं कशाला बोलू? नाही. असं नाही."

"मग कसं?"

"ते... ऐकून बघावं लागतं," ते म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

हा प्रश्न घेऊनच कायताई घरी आली. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तेलकट हात धुऊन तो खुर्चीत टेकतो न टेकतो, तोच तिने त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवला, बटण पुन्हा होतं तसं केलं आणि एकाच आवाजात गायलेलं एक गाणं लावलं.

"कुठे ऐकू येतंय?"

"म्हणजे? कानात."

"कुठल्या?"

त्याने डोळे मिटले. "कानात नाहीच येत," तो आश्चर्याने म्हणाला. "मधे येतंय."

"मधे कुठे? अहो, नीट दाखवा ना."

त्याने हात उचलला, स्वतःच्या कपाळापर्यंत नेला आणि थांबला. मग तिच्याच कपाळावर, दोन भुवयांच्या वर बोट टेकवलं. "इथे. आतून. जणू गाणारी बाई डोक्यात उभी आहे."

"दोन्हीकडून येतं, तर मग मधे कसं?"

"काय माहीत! इतकी वर्षं हे दोन कान घेऊन फिरतोय, कधी विचारच नाही केला."

त्यानंतर त्या घरात ऐकण्याचंच खूळ शिरलं. नवरा एका कानात बोट घालून फिरायला लागला, दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेतला आणि म्हणाला, "तू रस्ता कशी ओलांडतेस गं?" तेव्हा ती म्हणाली, "बघून." कारखान्यात तिने हेडफोन एकदाच नेला, जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायकांनी पाळीपाळीने तो सुलटा, मग उलटा घालून ते भांडणाचं गाणं ऐकलं. मालकीणबाईंनीही ऐकलं आणि त्या म्हणाल्या, "बाई काय म्हणते त्यापेक्षा तो काय म्हणतो तेच बरं आहे." यावर अर्धा दिवस वाद चालला.

कायताई आता ते गाणं उदास वाटलं म्हणून लावत नाही. पण कधीतरी मुद्दाम बटण बंद करून नुसती डावी बाजू ऐकते. तिच्या मते तेही गाणं वाईट नव्हतं.

एका रविवारी सकाळी कायताईचा फोन घरात कुठेतरी वाजत होता. ती नेहमीप्रमाणे खोल्याखोल्यांतून गोल फिरत होती. आवाज वाढला की जवळ, कमी झाला की लांब. नवरा बसल्या जागेवरून, मान न वळवता म्हणाला, "उशीखाली आहे, पलंगाच्या त्या टोकाला."

ती थबकली. "तुम्हाला कसं कळलं?"

"आवाज तिकडून येतोय ना."

"तिकडून म्हणजे? आवाजाला दिशा असते?"

नणंद आणि नवरा एकमेकांकडे बघत राहिले. सगळे तिच्यासारखेच फिरून फिरून फोन शोधतात, असं ती आजवर धरून चालली होती.

तिने उशीखालून फोन काढला, नणंदेच्या हातात दिला आणि नवऱ्याला खोलीच्या मधोमध डोळे मिटून उभं केलं. "लपव," ती नणंदेला म्हणाली. नणंदेने तो कपड्यांच्या ढिगात लपवून रिंग दिली. नवऱ्याचं बोट सरळ ढिगाकडे गेलं.

कायताई अगदी जवळ जाऊन त्याच्या चेहऱ्याकडे, मग एका कानाकडे, मग दुसऱ्या कानाकडे बघत होती.

"परत लपव," ती म्हणाली. "या वेळी वर कुठेतरी."