काचेपलीकडचे डोळे

वच्छलाअक्का नशिराबादहून रोज जळगावला येतात आणि आमच्या गल्लीतल्या घरांत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापतात. नवरा गेल्यावर हितेंद्रला त्यांनी एकटीनं वाढवलं. रावेरला केळीच्या ट्रकवर मारामारी झाली, त्यात तोही पकडला गेला. खटला उभा राहायचाय. तोवर पोरगा तुरुंगात.

तिथल्या बराकीत कावीळ पसरल्याचं कुणीतरी सांगितलं, आणि अक्कांच्या भाकरी करपायला लागल्या. शेवटी मी म्हटलं, "चला, मी येते सोबत."

जामनेरहून आणलेली काविळीची माळ त्यांनी पदराला बांधली होती. गळ्यात घातली की माळ वाढत जाते आणि कावीळ उतरते, अशी आपल्याकडची समजूत. पूर्वी भेटीच्या खोलीत जाळी होती. अंधार, आरडाओरडा, पण पोराच्या बोटाला बोट लागायचं, माळही सरकवता आली असती. आता सुधारणा झालीय. पांढऱ्या टाइल्स, पंखे, जाड काच आणि बोलायला फोन. बराक मात्र जुनीच. एकाच्या जागेत तिघं झोपतात, असं हितेंद्रच सांगायचा. पाहुण्यांना दिसते तेवढी ओसरी सारवलेली.

अक्कांनी माळ काचेला लावली. "घाल रे गळामा!"

शिपाई हसला. "मावशी, काचेतून कशी जाईल? आत डॉक्टर येतात."

"माय, मी बरा शे," हितेंद्र फोनवर म्हणाला.

"तू लहानपणपासून खोटाडा! काचमाईन काय कळस माले? डोया दाखाड!"

त्यानं खालची पापणी ओढून चेहरा काचेला चिकटवला. अक्का इतक्या जवळ गेल्या की काचेवर वाफ धरली. पदरानं पुसून पुन्हा पाहिलं. मग नखं, मग जीभ. आजूबाजूचे लोक आपलं बोलणं सोडून बघायला लागले. वर ट्यूबलाइट लख्ख होती. जाळीच्या त्या अंधारात हे जमलं नसतं, हेही खरंच.

"पांढरा शेतस, ताई!" अक्का माझा दंड धरून म्हणाल्या. "पिवळं काहीच नही!"

आणि लगेच त्याच्या तुळतुळीत डोक्याकडे बघत फोनवर ओरडल्या, "मुंडकं कसाले भादरं रे? मी जित्ती शे अजून!"

वेळ संपली, फोन बंद झाला. अक्का तशाच मुक्या फोनवर त्याला झापत राहिल्या, आणि काचेपलीकडे हितेंद्र पोट धरून हसत होता.

परतीच्या बसमध्ये माझ्या खांद्यावर मान टाकून त्या घोरत आल्या. नशिराबाद आलं तेव्हा मी हलवूनही उठेनात; शेवटी कंडक्टरनंच हाक मारून त्यांना उठवलं.