कपारीवरचा हात

उदगीरच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवते. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागानं ठरवलं, की आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवायच्या. मी प्रश्नांची यादी करायला बसले. जन्म, शाळा, लग्न, दुष्काळ, निजामाचं राज्य. बत्तीस प्रश्न झाले. पहिल्या गावी गेले ती यादी पर्समध्ये घालूनच.

बौद्ध वस्तीत राहणारे ते आजोबा ऐंशीच्या पुढचे. जन्मभर दुसऱ्याच्या रानात मजुरी केलेले. मी रेकॉर्डर स्टुलावर ठेवला आणि बटण दाबलं. ते त्याच्याकडं बघत राहिले.

"ह्यात माझा आवाज ऱ्हाईल?"

"राहील, आजोबा."

"मी मेल्यावर बी?"

"हो."

"मंग एक सांगतो. बाकीचं तुम्ही मागनं इचारा."

तेव्हा ते विशीतले. उन्हाळा होता, बाजाराचा दिवस. मळ्याच्या मालकासकट सगळे गडी उदगीरला गेलेले, आणि हे मळ्यात कडब्याची गंज रचत होते. मालकाची सात-आठ वर्षांची मुलगी घागर घेऊन विहिरीवर आली आणि पाय घसरून आत पडली. विहिरीवरच्या बायका ओरडायला लागल्या. त्यांतल्या एकीलाही पोहता येत नव्हतं. ह्यांना येत होतं, नदीच्या डोहात शिकलेले. पण वस्तीतल्या माणसानं त्या विहिरीच्या काठालाही जायचं नाही, असा गावाचा दंडक.

"आमी धर्म बदलला होता, बाई. पर विहीर न्हवती बदलली."

ते धावत काठावर गेले. खाली मुलगी एका कपारीला धरून वर बघत होती. आणि ते थांबले.

"दोन श्वास थांबलो. उडी मारली तर पानी बाटलं म्हनतील. संध्याकाळी गडी येतील, मला मारतील, घर जाळतील. हे सगळं त्या दोन श्वासात आलं डोक्यात. तेवढ्यात तिचा हात सुटला. ती खाली गेली."

मग त्यांनी उडी मारली. पहिल्या बुडीत काही सापडलं नाही. दुसऱ्या बुडीत वेणी हाताला लागली. पोरीला वर आणून पालथं घातलं, पाठ दाबली, तेव्हा तिच्या तोंडातून पाणी आलं आणि मग रडणं.

"तिची माय पुढं आली. त्याच विहिरीत बादली सोडली, पानी काढलं आन् सगळ्यांसमोर गटागटा प्याली. मला बी दिलं. वरून वतलं, ओंजळीत. पर दिलं." ते थोडं हसले. "दुसऱ्या दिशी दोन मोटा लावून विहीर उपसली त्यांनी. मला कुनी हात न्हाई लावला. त्या मायनं लावू दिला न्हाई."

"ही गोष्ट गावाला माहीत असेल ना?"

"उडीची माहीत हाय. थांबल्याची न्हाई. मी तवाच उडी मारली असती तर ती बुडलीच नसती. बायकोला बी सांगितलं न्हाई हे. आज सांगितलं."

साठ वर्षं! समोरच्या माणसाच्या छातीत दोन श्वास साठ वर्षं अडकलेले होते, आणि मी त्याला शाळा कितवीपर्यंत झाली ते विचारायला आले होते. यादी मी बाहेर काढलीच नाही.

"त्या मुलीशी नंतर कधी बोललात?"

"न्हाई. तिच्या लगनात मांडवाबाहेर उभा होतो. अहमदपूरला दिलेली हाय. तिला बी इचारा, तिचं बी ठेवा मशिनीत."

पंधरा दिवसांनी मी अहमदपूरला गेले. मार्केट यार्डाच्या मागं, मुलाच्या घरी त्या मावशी राहत होत्या. सत्तरीच्या, गुडघ्यांनी हैराण. आजोबांनी थांबल्याचं जे सांगितलं होतं, त्यातला एक शब्दही मी काढला नाही. एवढंच म्हटलं, "मावशी, तुम्ही लहानपणी विहिरीत पडला होता म्हणे. त्या दिवसाचं जे आठवतं ते सांगा."

त्यांनी डोळे मिटले.

"पानी लई गार होतं. दगड बुळबुळीत, तरी मी घट्ट धरून होते. आईला हाक मारायची होती, पर आवाजच फुटंना. वर नुस्तं आभाळ, गोल. मंग त्या आभाळात एक तोंड आलं. मानसाचं. मला वाटलं, चला, आता कुनीतरी आलं. म्हून मी हात सोडला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "हात निसटला का, मावशी?"

"न्हाई हो. सोडला. मानूस आला होता न्हवं का. आता कशाला धरायचं?"

रेकॉर्डरचा लाल दिवा चालू आहे ना, हे मी दोनदा बघून घेतलं. एकाच क्षणाची दोन टोकं माझ्यापाशी होती. एक काठावरचं, एक पाण्यातलं. आणि ती ज्यांची होती त्या दोघांना एकमेकांचं टोक ठाऊक नव्हतं.

"तुमचं बोलणं तुम्हाला वर काढणाऱ्या आजोबांना ऐकवू का?" मी विचारलं.

"ऐकवा की. इतक्या वर्सांत मीच जायला पायजे होतं."

पुढच्याच रविवारी मी पुन्हा त्या गावी गेले. आजोबांच्या कानाला हेडफोन लावले. ते मान खाली घालून ऐकत होते. एका जागी त्यांनी मान वर केली आणि हातानं खूण केली, मागं घ्या. मी मागं घेतलं. पुन्हा खूण. असं चार वेळा झालं. मग त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"सोडला म्हनली?"

"हो, आजोबा."

"सुटला न्हाई?"

"नाही. तुम्हाला बघून सोडला."

त्यांनी लांब श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. हयातभर ओझी उचललेले ते हात हेडफोनच्या वायरीवरून सावकाश फिरत होते. मी रेकॉर्डर सुरू केला नव्हता. करावासा वाटला नाही.

आठवड्याभरानं अहमदपूरहून मावशींचा फोन आला.

"ते आले होते. एकटेच, एसटीनं. माझ्या हातचा चहा प्याले. दीड तास बसलो आमी."

"काय बोललात?" मी घाईनं विचारलं.

फोनवर त्या मोकळ्या हसल्या. "ते कशाला सांगू? तुमची मशीन कुटं होती तितं!"