थावराने नदीपार नेलेलं औषध

थावराला अंतर मैलांत कधी कळलंच नाही. तरुणपणी त्याने लदणीचे बैल हाकले होते. पाठीवर मीठ-धान्य लादून तांडा चालायचा, आणि गाव किती लांब, तर मधे किती मुक्काम, एवढंच तो जाणायचा. पुढे आगगाडी आली, लदणी बसली. मग तो वसमत-शिरडच्या वाटेवर, आसना नदीच्या अलीकडच्या काठी थोडी जमीन कसू लागला. १९४६ साली तो सत्तरीला टेकला होता.

त्या श्रावणात पलीकडे शिरड शहापुरात माणिकरावांच्या पार्वतीबाई बाळंत झाल्या, आणि चौथ्या दिवशी त्यांना ताप भरला. वसमतहून डॉक्टर आले. नाडी पाहून म्हणाले, "पेनिसिलिन मिळालं तरच आशा आहे." ते नवं औषध वसमतला नव्हतंच, हैदराबादेतही मिळेना. माणिकरावांचा धाकटा भाऊ उकंडराव हैदराबादला कारकून होता. त्याने मुंबईच्या मित्राला तार केली आणि मित्राने औषधाची पेटी सकाळच्या विमानाने धाडली.

उकंडरावाने बेगमपेठच्या विमानतळावर पेटी घेतली, संध्याकाळची गाडी धरली आणि सकाळी वसमतला उतरला. तिथून घर चौदा मैल. पण पावसाने मोटार बंद होती. चिखल तुडवत तो दुपारी आसनेवर पोचला, तर नदी दुथडी भरलेली. तो काठावर मटकन खाली बसला. त्याला पोहता येत नव्हतं.

थावरा जवळ आला. "काहून बसले, मालक?"

उकंडरावाने सगळं सांगितलं.

"मुंबईहून कवा निघालं हे?"

"काल सकाळी नऊला. साडेअकराला हैदराबादेत."

थावरा पेटीकडे बघतच राहिला. "आमच्या बैलाला दीड महिना लागला असता. अन् आता हितं अडकलं व्हय? द्या इकडं."

"बाबा, पाणी बघा किती आहे!"

"तेच तर बघून राहिलो."

त्याने पेटी मेणकापडात गुंडाळून पागोट्यात घट्ट बांधली आणि डोक्यावर घेतली. पोहणारा एक म्हातारा बैल त्याच्याकडे होता. त्याला बराच वरच्या अंगाला नेऊन थावराने पाण्यात घातलं आणि शेपूट धरलं. धार दोघांना ओढत खाली घेऊन गेली. बाभळींच्या वळणापाशी दोघं दिसेनासे झाले. उकंडराव काठाकाठाने पळत सुटला. किती वेळ गेला त्यालाच कळलं नाही. मग पलीकडून हाक आली, "कोरडं हाय! जरा बी भिजलं न्हाई!"

पुरामुळे डॉक्टर शिरडलाच अडकले होते; त्यांनी दर तीन तासांनी सुई टोचली. दोन दिवस थावरा माणिकरावांच्या ओसरीवर घोंगडी पांघरून बसून होता. जा म्हटलं तरी हलेना. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं आणि उकंडरावही घरी पोचला. तेवढ्यात माणिकराव आतून बाहेर आले.

"ताप उतरला?" थावराने विचारलं.

माणिकरावांनी होकारार्थी मान हलवली आणि खांबाला धरून रडू लागले. थावराने लांब श्वास सोडला, डोळे पुसले, उठून घोंगडी झटकली. "मंग मी निघतो. गोठ्यात बैल वाट बघत असंल."

आतून पार्वतीबाईंचा क्षीण पण स्पष्ट आवाज आला, "अवो, त्यांना जेवल्याबिगर सोडू नका. अन् लेकराला माझ्याकडं आणा."